एकट्याने जगप्रवास: देश निवडताना आधी व्हिसाची मुदत, मग ऋतू, मग आवड

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय चौतिशीचं, नोकरीतून वर्षभराची बिनपगारी रजा मिळू शकते, हाताशी १८ लाख रुपये, भारतीय पासपोर्ट, मुक्काम मुंबई. प्रवास एकटीने करायचा आहे. आवडत्या देशांची यादी २७ वर गेली आहे आणि त्यातले कोणते ठेवावेत, कोणत्या क्रमाने करावेत, हे कळत नाही.

ही यादी आवडीच्या क्रमाने छाटायला बसलात तर अडकाल. इंटरनेटवर जगप्रवासाचे जे तयार मार्ग सापडतात, ते बहुतेक जर्मन, ब्रिटिश किंवा अमेरिकन पासपोर्टवाल्यांनी केलेले असतात. त्यांना पुढचा देश ठरवायला हॉस्टेलच्या गच्चीवरची एक संध्याकाळ पुरते. भारतीय पासपोर्टवर तसं करता येत नाही. म्हणून आधी यादीतल्या प्रत्येक देशापुढे तीन गोष्टी लिहा: व्हिसा कुठून मिळतो, मिळाल्यापासून किती दिवस टिकतो, आणि तिथला चांगला हंगाम कोणता. एवढं लिहून झालं की अर्धी यादी आपोआप गळते.

पालेभाजी आणि कांदे-बटाटे

बाजारातून आणलेल्या पिशवीतली पालेभाजी आधी संपवायची आणि कांदे-बटाटे मागे ठेवायचे, हाच नियम व्हिसालाही लागू आहे.

जपानचा पर्यटक व्हिसा म्हणजे पालेभाजी. तो मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये पाऊल टाकावं लागतं, आणि अर्ज तुम्ही राहता त्या देशातून, म्हणजे भारतातून, करायचा असतो. त्यामुळे ‘शेवटी जपान करू’ हा बेत एका दमाच्या प्रवासात जवळपास बाद होतो. सहाव्या महिन्यात तुम्ही कोलंबियात असताना तिथला जपानी दूतावास बहुधा विचारेल, इथला रहिवासी परवाना कुठे आहे?

शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, हा टोमॅटो. प्रवेशाच्या तारखेआधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस अर्ज करता येतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला भारत सोडणार असाल आणि निघण्यापूर्वीच शिक्का हवा असेल, तर युरोपातला प्रवेश मार्चअखेरपर्यंत बसवावा लागतो.

अमेरिकेचा बी१/बी२ हा पर्यटक व्हिसा म्हणजे कांदे. भारतीयांना तो साधारणपणे १० वर्षांचा मिळतो, कधीही वापरता येतो. अमेरिकेला जायचं नसेल तरी तो आधी काढा, कारण त्याच्या जोरावर इतर दारं उघडतात. वैध अमेरिकन व्हिसा असला की मेक्सिकोत वेगळा व्हिसा लागत नाही. पेरूत किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला अमेरिकन किंवा शेंगेन व्हिसा चालतो. कोलंबियात किमान १८० दिवस मुदत उरलेली लागते. अर्जेंटिनाने ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकन पर्यटक व्हिसा असलेल्या भारतीयांना व्हिसातून सूट दिली. जॉर्जियात ९० दिवस राहता येतं, आणि तुर्कस्तानचा ऑनलाइन व्हिसाही अमेरिका, शेंगेन, ब्रिटन किंवा आयर्लंडचा वैध व्हिसा असेल तरच मिळतो. एका शिक्क्यात सहा देश! म्हणून १८५ डॉलर फी आणि मुलाखतीसाठीची प्रतीक्षा यांचा हिशोब प्रवासाच्या किमान वर्षभर आधी सुरू करा. ‘भारतात तारीख मिळत नाही, बँकॉकमध्ये देऊ’ ही जुनी युक्ती आता चालत नाही. सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेने अर्जदाराला स्वतःच्या किंवा निवासाच्या देशातच अर्ज करायला सांगितलं आहे.

राहिले ते मीठ-मिरचीसारखे, वाटेत कुठेही मिळणारे व्हिसे. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा असतो, एका प्रवेशाचा २५ डॉलर, अनेक प्रवेशांचा ५०. उझबेकिस्तानचा ३० दिवसांचा, २० डॉलर, तीन कामकाजाच्या दिवसांत येतो. इंडोनेशियाचा विमानतळावर मिळतो, ५ लाख रुपिया देऊन ३० दिवस आणि आणखी एकदा ३० दिवसांची वाढ. मलेशियाने भारतीयांना ३० दिवसांची मोफत मुभा २०२६ च्या अखेरपर्यंत ठेवली आहे, मात्र तिथला डिजिटल आगमन अर्ज पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरावा लागतो. थायलंडनेही २०२४ मध्ये व्हिसा माफ केला. नेपाळला व्हिसाच नाही, फिजी आणि मॉरिशसला आधी काढावा लागत नाही. हे देश मार्गाचं बांधकाम ठरवत नाहीत, भेगा बुजवतात. एखादा अवघड व्हिसा नाकारला गेला तर त्या जागी यातला एक बसवायचा.

मात्र ‘व्हिसा फ्री’ ही कायमची जहागीर नाही. सर्बियाने भारतीयांची मुभा १ जानेवारी २०२३ पासून काढली. इराणने नोव्हेंबर २०२५ मध्ये आपली सूट स्थगित केली. म्हणून त्या त्या देशाच्या परराष्ट्र खात्याचं पान दोनदा पाहायचं: तिकीट काढण्याआधी एकदा आणि विमानाच्या आठवडाभर आधी पुन्हा. व्हिडिओवर विसंबू नका, या लेखातल्या आकड्यांवरही नको.

शेंगेनमध्ये नेमकं काय बिघडतं

कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, हा नियम बहुतेकांना माहीत असतो. तरी गोंधळ होतो तो तीन ठिकाणी.

पहिला, ९० दिवस ही कमाल मर्यादा आहे, हक्क नाही. तुमच्या शिक्क्यावर ‘२२ दिवस’ छापलं असेल तर २२ च. पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्या, एकट्या, दीर्घ रजेवर असलेल्या व्यक्तीने ८० दिवस मागितले तर अधिकाऱ्याला ती परत जाईल का, अशी शंका येते आणि नकाराची शक्यता वाढते. २५ ते ३० दिवस मागा. रजामंजुरीचं पत्र जोडा आणि त्यात परत रुजू होण्याची तारीख स्पष्ट असू द्या. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि सहा महिन्यांचं बँक खातं द्या. अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकांकडून चार लाख आणून खात्यात भरले तर ते खातं तुमच्या बाजूने नव्हे, विरुद्ध बोलतं.

दुसरा, अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. रात्री समसमान असतील तर जिथून प्रवेश करणार त्या देशाकडे. ‘अमक्या देशाची तारीख लवकर मिळाली’ म्हणून तिकडे अर्ज टाकून दुसरीकडे महिना काढला, तर पुढच्या वेळी ते विचारलं जातं. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे घेऊन प्रवेश-निर्गमन संगणकावर नोंदवायला सुरुवात झाली आहे. अस्पष्ट शिक्क्यांच्या आधारावर दिवस लपण्याचा काळ संपला.

तिसरा, दिवस उरवायचे कसे? अनेक-प्रवेशांचा शेंगेन व्हिसा असेल तर त्याच व्हिसावर अल्बानिया, माँटेनेग्रो, उत्तर मॅसेडोनिया, सर्बिया इथे जाता येतं आणि तिथले दिवस शेंगेनमध्ये मोजले जात नाहीत. हे देश इटली-स्पेनपेक्षा बरेच स्वस्तही आहेत. मात्र क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, आणि रोमानिया-बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे. जुने लेख वाचून ‘बल्गेरियात जाऊन दिवस वाचवू’ म्हणाल तर फसाल.

एक चांगली बातमी. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी वेगळी सोय आहे: मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक-प्रवेशांचा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. तुमच्याकडे असे दोन जुने शिक्के आहेत का? तुमच्या प्रवासाचा आकार त्यावर ठरणार आहे.

वर्तुळ की पाकळ्या

दोन जुने शेंगेन शिक्के आणि अमेरिकन व्हिसा हाताशी असेल, तर खरंखुरं पृथ्वीभोवतीचं वर्तुळ जमतं. दिशा पूर्वेकडची: ऑक्टोबरमध्ये मुंबईहून जपान. सप्टेंबरातली वादळं तोवर ओसरतात. पानगळीचे रंग क्योतोत नोव्हेंबरच्या उत्तरार्धात येतात, तेवढं थांबता येणार नाही, पण उत्तरेला ते आधी दिसतात. टोकियोहून मेक्सिको सिटीला थेट विमान आहे आणि भारतीयांसाठी ते फार मोलाचं आहे, कारण अमेरिका किंवा कॅनडाच्या विमानतळावर नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. नोव्हेंबर मेक्सिकोत, डिसेंबर-जानेवारी कोलंबियात. दोन्हीकडे पाऊस कमी. फेब्रुवारीत अर्जेंटिनाचा दक्षिण भाग (पाटागोनिया), मग ब्यूनोस आयर्सहून माद्रिद, एप्रिल-मे युरोप, जूनमध्ये जॉर्जिया आणि घर.

या वर्तुळात दोन खाचा आहेत. पाटागोनियाचा काही भाग चिलीत आहे आणि चिलीचा व्हिसा वेगळा. तो नसेल तर एल चाल्तेन आणि एल कालाफाते या अर्जेंटिनाच्या बाजूवर समाधान मानायचं. दक्षिण टोकावरच्या उशुआइयाला बसने जाऊ नका. नकाशात सगळं अर्जेंटिना दिसतं, पण जमिनीवरचा रस्ता चिलीतून जातो. विमानाने जा. दुसरी खाच पेरूची. डोंगराळ पेरूत जानेवारी ते मार्च पाऊस असतो आणि माचू पिचूकडे जाणारी प्रसिद्ध चार दिवसांची इंका पायवाट दरवर्षी फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी बंदच असते. म्हणजे या दिशेने गेलं की पेरू नीट बसत नाही. पाटागोनिया आणि पेरूचे डोंगर एकाच फेरीत उत्तम हंगामात पाहायचे तर दक्षिण अमेरिकेतच काही महिने काढावे लागतील.

विमान कंपन्यांच्या गटांची ‘राउंड द वर्ल्ड’ तिकिटं मिळतात: एकाच दिशेने जायचं, वर्षभराची मुदत, कमाल १६ उड्डाणं. पासपोर्ट मजबूत असेल तर सोय चांगली. आपल्या बाबतीत एक व्हिसा हुकला की पुढची साखळी फेरफार-शुल्क आणि फोनवरच्या तासांत जाते. सुटी तिकिटं घ्या.

जुने शेंगेन शिक्के नसतील तर वर्तुळाचा हट्ट सोडा आणि प्रवास पाकळ्यांचा करा. मुंबई हा फुलाचा देठ. एक पाकळी पूर्वेला, मध्ये काही आठवडे घरी, दुसरी पाकळी पश्चिमेला. ‘मग तो जगप्रवास कसला?’ असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. घरी परतण्याचा खर्च म्हणजे एक जादा तिकीट, आणि बदल्यात मिळतं ते शेंगेनच्या अर्जासाठी बोटांचे ठसे द्यायला वेळ, पासपोर्ट दूतावासात दोन-तीन आठवडे अडकून राहण्याची मुभा, दाताचा डॉक्टर, आणि थंडीचे कपडे घरी टाकून हलकी झालेली सॅक.

तुमच्या यादीतून मी असं जुळवेन: मध्य ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबर जपान. तिथून उत्तर व्हिएतनाम. मध्य व्हिएतनाममध्ये, म्हणजे ह्वे आणि होई आनला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात धो धो पाऊस आणि पूर असतात, म्हणून हनोई, निन्ह बिन्ह, हा जियांग निवांत करून डिसेंबरच्या मध्यानंतर खाली उतरायचं. मग लाओस आणि उत्तर थायलंड, पण जानेवारीअखेरीस तिथून निघायचंच. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत चिआंग माई भागात शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर इतका असतो की समोरचा डोंगर दिसत नाही. थायलंडच्या किनाऱ्यांचंही लक्षात ठेवा: फुकेत-क्राबीचा पाऊस मे ते ऑक्टोबर, तर पलीकडच्या को सामुईचा मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर. एकाच देशात दोन पावसाळे.

फेब्रुवारी ते मध्य मार्च घरी. शेंगेनचा अर्ज या काळात. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ताश्कंद: २१ मार्चला नवरोज, हवा सुखद, आणि जून-जुलैतला भाजणारा उन्हाळा टळतो. ताश्कंद-समरकंद-बुखारा वेगवान रेल्वेने होतं, एकट्या बाईला अतिशय सोयीचं. एप्रिलअखेर आणि मे जॉर्जिया. उंच खिंडी आणि स्वानेतीच्या वरच्या वाटा जूनपर्यंत बर्फात असतात, तोवर तिबिलिसी, काखेती, कझबेगी पुरे. जॉर्जियाने २०२६ पासून पर्यटकांना आरोग्य आणि अपघात विमा सक्तीचा केला आहे, किमान ३०,००० लारीचा (लारी हे तिथलं चलन). तिथल्या सीमेवर भारतीयांना प्रश्न जास्त विचारले जातात, म्हणून विमा, पहिल्या काही रात्रींचं आरक्षण आणि पुढचं तिकीट कागदावर छापून हातात ठेवा. फोनची बॅटरी नेमकी तिथेच संपते.

मेअखेर ते जूनअखेर शेंगेनचे ३० दिवस, शेवट माद्रिदला. माद्रिद-लिमा थेट विमान आहे. जुलै-ऑगस्ट पेरू: कोरडा हंगाम, स्वच्छ आकाश. परतताना लिमाहून बोगोटा आणि तिथून इस्तंबूल. त्या विमानाचा मार्ग पनामावरून जातो, पण अमेरिकेला स्पर्श नाही. ऑगस्टमध्ये मुंबईत.

या आखणीत पाटागोनिया, सेरेंगेटी आणि न्यूझीलंड नाहीत. पाटागोनिया जुलैत बर्फात असतो. दक्षिण अमेरिकेतून पॅसिफिकवरून न्यूझीलंडकडे जायचा विचार असेल तर लक्षात घ्या, चिलीतल्या सांतियागोहून तिकडे जाणारी विमानं ऑकलंडला किंवा ऑस्ट्रेलियात उतरतात आणि दोन्ही देशांत नुसत्या ट्रान्झिटलाही भारतीयांना व्हिसा लागतो. सेरेंगेटी का गाळलं, ते पुढे.

एकटं असण्याची किंमत

दोघांच्या प्रवासाचा खर्च दोनने भागून एकट्याचा खर्च निघत नाही. काही देश एकट्याला स्वस्त पडतात, काही दंड लावतात. यादी छाटताना हा निकष लोक विसरतात, आणि माझ्या मते हवामानानंतर तोच महत्त्वाचा.

गाडीभर भाडं जिथे आहे तिथे दंड. सेरेंगेटीच्या सफारीत जीप, चालक आणि इंधन एकाला जेवढं, चौघांना तेवढंच. टांझानियातल्या आरुशा शहरात पोचून गट शोधता येतो, पण चार-पाच दिवस हातात हवेत. आइसलँड आणि नामिबिया गाडीशिवाय नीट होत नाहीत. किर्गिझस्तान-ताजिकिस्तानमधल्या पामीर रस्त्यावर ओशमध्ये जोडीदार जमवून जीप वाटून घेण्याची पद्धत आहे, तरी जून ते सप्टेंबर सोडून माणसं सापडत नाहीत.

याउलट बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठागराची सहल मुळात माणशी विकली जाते, जीपमध्ये साधारण सहा जण. एकटं असणं तिथे अडचण नाही. पेरूची इंका पायवाटही परवानाधारक संस्थेबरोबरच करावी लागते, त्यामुळे गटात एकटी व्यक्ती सहज सामावते. मात्र दिवसाला ५०० परवाने आणि त्यात हमाल-वाटाडेही मोजलेले, म्हणून जुलैसाठी सहा-सात महिने आधी नाव नोंदवायचं. व्हिएतनाममध्ये बस आणि झोपण्याच्या रेल्वेचं जाळं असं आहे की एकटीने हजार किलोमीटर जाणं सोपं.

जपान महाग म्हणून लोक गाळतात. एकट्यासाठी मात्र तो सुसह्य आहे. बिझनेस हॉटेलांत एकट्याच्या छोट्या खोल्या असतात, कॅप्सूल आहेत, आणि काउंटरवर एकट्याने बसून जेवणं हीच तिथली रीत. अपवाद र्योकान या पारंपरिक सराईचा. तिथे दर माणशी दोन वेळच्या जेवणासह असतो आणि एकट्याला पुष्कळदा जास्त लावतात किंवा घेतच नाहीत. एक रात्र चैन म्हणून ठीक.

दुचाकीचं एक सांगायलाच हवं. आरटीओकडून मिळणारा भारतीय आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसारचा असतो. जपानमध्ये तो चालतो. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातला देश आहे, तिथे तो ग्राह्य धरत नाहीत. हा जियांगच्या घाटात भाड्याची स्कूटर कुणीही देतो, पोलिसही नेहमी अडवत नाहीत, पण पाय मोडला तर विमा कंपनी पहिला प्रश्न परवान्याचाच विचारते. तिथे स्थानिक चालकाच्या मागे बसून जाण्याची सोय सर्रास आहे. तीच घ्या.

पैशाचा सरळ हिशोब

१८ लाखांतून ४ लाख विमानं, १ लाख व्हिसे-विमा-लशी, आणि २ लाख बाजूला. हे दोन लाख हात न लावायचे: आजारपण, घरी अचानक यावं लागणं, परतल्यावरचा पहिला महिना. उरले ११ लाख.

जपानचे २८ दिवस, रोज ७,००० प्रमाणे १,९६,०००. युरोपचे ३० दिवस, डॉर्ममध्ये राहून आणि एक वेळ स्वतः शिजवून रोज ८,००० प्रमाणे २,४०,०००. आता ६,६४,००० उरले. वर्षाचे बाकीचे ३०७ दिवस यात बसवायचे तर रोज २,१६३ रुपये येतात. आग्नेय आशियातही एवढ्यात राहणं होतं, पण रोजचं मन मारून. पेरूत तर ओढाताण. हाच हिशोब ३०० दिवसांचा केला की २४२ दिवसांना रोज २,७४४ मिळतात आणि श्वास घेता येतो. मधले सहा आठवडे घरी असाल तर त्याहून मोकळं. म्हणून या रकमेत दहा महिने करा, बारा नव्हे. हे दर माझे ढोबळ अंदाज आहेत, खोलीची निवड बदलली की बदलतात.

रोख परकी चलन एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतं, बाकी कार्डावर. दोन वेगळ्या बँकांची, दोन वेगळ्या नेटवर्कची (जसं व्हिसा आणि मास्टरकार्ड) कार्डं, दोन वेगळ्या पिशव्यांत. साध्या कार्डावर परकी चलनाचं अधिभार-शुल्क साधारण २ ते ३.५ टक्के बसतं, म्हणून शून्य-अधिभाराचं एक तरी कार्ड घ्या. आणि भारतीय सिम घरी टाकून जाऊ नका! बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून ठेवा, डेटा मात्र स्थानिक ई-सिमवर घ्या. ओटीपी न आल्यामुळे अडकलेले प्रवासी पाकीट चोरीला गेलेल्यांपेक्षा जास्त भेटतात.

भारतीय प्रवास-विमा साधारणपणे १८० दिवसांपर्यंतचा आणि भारत सोडण्यापूर्वी घ्यायचा असतो. पाकळ्यांच्या प्रवासात हे सहज जमतं, प्रत्येक पाकळीला नवा. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचं संरक्षण आवश्यक. उंचावरच्या पदभ्रमणाला पुष्कळ पॉलिसींत संरक्षण नसतं, किती मीटरपर्यंत आहे ते कलमात वाचा.

शरीर आणि पोट

माचू पिचूकडे जाताना लागणारं कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर, तितिकाका सरोवर ३,८०० वर. लिमा समुद्रकाठी. लिमाहून विमानाने थेट कुस्कोत उतरणाऱ्यांच्या पहिल्या दोन रात्री पुष्कळदा डोकेदुखीत जातात. लिमाहून बसने अरेकिपा (सुमारे २,३०० मीटर), तिथे तीन रात्री, मग वर, हा क्रम ठेवा. तिथे कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे मिळतो, पण पानं सॅकमध्ये घालून आणू नका, भारतात ती बेकायदा आहेत.

पेरू किंवा कोलंबियाहून परतताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला लागतो. अशा देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात आलात आणि दाखला नसला तर विलगीकरणात ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रातच, निघण्याच्या किमान १० दिवस आधी. एकदा घेतली की दाखला आयुष्यभर चालतो.

औषधांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह ठेवा. जपानमध्ये स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या चालत नाहीत. आणि दिवाळीच्या फराळातले खसखस लावलेले अनारसे घेऊन दुबई किंवा सिंगापूरमार्गे जाऊ नका. दोन्हीकडे खसखस निषिद्ध आहे.

शाकाहारी असाल तर त्यावरही देश ठरवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. जॉर्जियात राजम्याचं सारण भरलेली लोबियानी आणि अक्रोडाच्या वाटणातली वांगी महिनाभर पुरतात. व्हिएतनाममध्ये ‘चाय’ (chay, म्हणजे शाकाहारी) लिहिलेली खानावळ शोधा. चांद्रमासाच्या १ आणि १५ तारखेला तिथे बरेच लोक शाकाहारी खातात, तेव्हा पर्याय वाढतात. इथिओपिया तुमच्या यादीत तळाला आहे, पण तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी उपवासाला प्राणिजन्य काहीच खात नाहीत, त्यामुळे डाळी-भाज्यांचं भरगच्च ताट सहज मिळतं. जपानमध्ये मात्र भाजीच्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. कोणते पदार्थ नकोत याची जपानीत लिहिलेली चिठ्ठी दाखवा.

आता २७ चे किती? दहा महिन्यांत नऊ किंवा दहा देश, त्याहून जास्त नको. दर मुक्काम किमान तीन रात्री, कारण गाव बदलण्यात एक अख्खा दिवस जातो आणि एकट्याला सामान सांभाळण्यापासून रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यापर्यंत सगळं स्वतःच करायचं असतं. दर पाच-सहा आठवड्यांनी आठवडाभर एकाच खोलीत राहायचं, काहीही पाहायचं नाही. लुआंग प्रबांग, तिबिलिसी, अरेकिपा ही त्यासाठी चांगली गावं.

सुरुवात उद्या पासपोर्टपासून करा. मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने हवी आणि पानं मोजा. ३६ ऐवजी ६० पानी पासपोर्टला ५०० रुपयेच जास्त लागतात. तो हातात आला की त्याच आठवड्यात अमेरिकन व्हिसाचा अर्ज भरा. त्या मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत बाकी कुठलंही तिकीट काढू नका.